नसरीनचा सागवानी रॅम्प

काय सांगू, आणि कोणत्या तोंडानं सांगू? अर्धी अहेरी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगत फिरते, म्हणून म्हटलं, एकदा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, बसा, आणि मध्ये हसू नका. मला अजून राग येतो. कोणाचा येतो, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

मी रशीद मिस्त्री. बावीस वर्षं अहेरीत दारं, खिडक्या, दिवाण केले. हात चांगला आणि डोकं तापट, हे दोन्ही गावाला ठाऊक आहे. माझी पोरगी नसरीन तेव्हा सातवीत होती. तिच्या हैदराबादच्या मामूनं तिला स्केटबोर्ड पाठवला. म्हणजे काय, तर लांबट फळी आणि खाली चार चाकं. आता मला सांगा, आमच्या रस्त्यावर बैलगाडी धड चालत नाही, तिथे ही लिंबाएवढी चाकं कुठे चालणार? शाळेच्या व्हरांड्यात चालवली, तर हेडमास्तरांनी फळी कपाटात ठेवून मला बोलावणं धाडलं. जाऊन सोडवून आणली.

मग एके दिवशी एसटीडी बूथवरून मामूशी बोलणं झालं. तो रविवारी येणार होता, दोन्ही पोरींना घेऊन. त्यातल्या मोठीनं फोनवर नसरीनला विचारलं, "तुम्हारे जंगल में चलाते कहाँ जी?" आणि तिकडे दोघी खिदळल्या. नसरीननं फोन ठेवला आणि तरातरा घरी निघाली. अंगणात आल्यावर म्हणाली, "अब्बा, मले रॅम्प बनवून द्या. रविवारच्या आत."

"ते काय राह्यते?"

तिनं वहीत काढून दाखवलं. दोन्हीकडे चढ, मध्ये खोलगट. चित्र बघितलं, तिचं तोंड बघितलं आणि ठरवलं, जगात कोणाकडे नसेल असा करून देतो. जंगलवाले म्हणतात काय आम्हाला!

प्लायवूड लावायचं मनातसुद्धा आलं नाही. सागाच्या गावात राहून पोरीला प्लाय देऊ? जंगल खात्याच्या डेपोच्या लिलावात रीतसर घेतलेलं सागवान होतं, तेच काढलं. बाजूच्या फळ्यांना गोलाई दिली, आडव्या पट्ट्या बसवल्या, खिळ्यांची डोकी आत ठोकली. चाक अडखळू नये म्हणून सगळ्यावर तीनदा रंधा फिरवला. फळ्यांची टोकं थोडी चिरलेली होती, तीसुद्धा कापून टाकली. नसरीनच्या अम्मीनं ते तुकडे न्हाणीच्या चुलीत घातले आणि पाणी तापवलं.

काम इतकं सुंदर चाललं होतं, पण लोक करू देतील तर ना. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस कुंपणाशी थांबे. कोणी विचारलं डोंगा करतोस का, कोणी विचारलं लग्नाचा स्टेज आहे का. एका म्हातारीनं तर घरात कोणाची तब्येत बरी नाही का, असं विचारलं. डोकं तापायला एवढं पुरे होतं, त्यात बुधवारी सकाळी देवरावभाऊ आले.

देवरावभाऊ आमचे शेजारी, पोस्टातून रिटायर झालेले. माणूस भला, पण चौकशी पुरी केल्याशिवाय हलत नाही.

"रशीदभाऊ, हे काय करून राह्यले?"

"रॅम्प."

"मंजे?"

"पोरगी इकडून खाली येते, तिकडून वर जाते."

"अन् मंग?"

"मंग परत खाली येते."

"काऊन?"

आता खेळाला कधी 'का' असतो का? माझं डोकंच फिरलं. हातातली पटाशी आपटून मी ओरडलो, "चोरीचा साग ट्रकात चढवाले करून राह्यलो! परवाच माल येते. झालं समाधान?"

समोरच्या बोरिंगच्या हातपंपावर दोन-चार जण होते, तेही वळून बघायला लागले. देवरावभाऊंनी तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "हळू बोला, भाऊ."

"काऊन हळू? भितो का मी कोणाले?"

ते घरात गेले. मी खूश. म्हटलं, एकाचं तोंड तरी बंद केलं.

शुक्रवारी दुपारी रॅम्प पुरा झाला. नसरीन फळीवर उभी राहिली आणि सर्रकन या टोकाहून त्या टोकाला गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. ते पुसतोय तोच फाटकात जंगल खात्याचा फॉरेस्टर आणि त्याचा बीटगार्ड उभे.

"हा उतार कशाचा, मिस्त्री?"

"पोरीच्या खेळाचा."

"सागवानाचा खेळ?"

नसरीननं त्यांना दोनदा चालवून दाखवलं. गार्ड तर हसायलाच लागला. पण फॉरेस्टर म्हणाला, "खेळ चांगला हाय. आता लाकडावरचा डेपोचा ठप्पा दाखवा."

मी ताठ मानेनं रॅम्पची कड उचलली आणि थबकलो. जंगलाच्या जिल्ह्यात राहणारं शेंबडं पोरही जाणतं की ठप्पा लाकडाच्या टोकाला असतो. आणि टोकं? त्यांच्यावर तापलेल्या पाण्यानं मी सकाळी आंघोळ केली होती.

डेपोचा पास तरी दाखवावा म्हणून घरात गेलो. पास शर्टाच्या खिशात होता, आणि शर्ट धुऊन दोरीवर वाळत होता. खिशातून लगदा निघाला.

फॉरेस्टर काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सोमवारी डेपोच्या वहीत नोंद पाहू. तवरक हे जप्त. कोणी जबाबदारी घेत असन तर इथीच ठेवतो, नाईतर खोलून न्या लागन."

गल्लीत एक माणूस पुढे येईना. तेव्हा देवरावभाऊ आले आणि त्यांनी सही केली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाच तो! यानंच जाऊन खबर दिली, आणि आता साळसूद होऊन सही करतोय. मग मी काय काय बोललो ते विचारू नका. चुगलखोर म्हटलं, बेइमान म्हटलं, ज्यानं खबर दिली त्याच्या जिभेला किडे पडोत म्हटलं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. फॉरेस्टरनं पंचनाम्याची नक्कल पुढे केली आणि म्हणाला, "मिस्त्री, वाचून घ्या."

"वाचू कशाले? मले मालूम हाय कोणं केलं!"

न वाचताच सही ठोकली आणि कागद फडताळावर फेकला. शनिवारभर अहेरीत जो भेटेल त्याला देवरावभाऊंची कहाणी सांगितली. चहाच्या टपरीवर तर दोनदा सांगितली.

रविवारी मामू आला. पोरी गाडीतून उतरल्या त्या थेट अंगणात. रॅम्प बघून मोठीचं तोंड उघडंच राहिलं. असा तिनं हैदराबादेतही पाहिला नव्हता. पण रॅम्पभोवती सुतळी, सुतळीला लाखेचा शिक्का, आणि शेजारी खुर्ची टाकून देवरावभाऊ बसलेले. मोठी पाय ठेवायला गेली, तर ते म्हणाले, "नाई बेटा, मी सही केली हाय."

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सोमवारी दुपारी डेपोच्या वहीत माझी नोंद सापडली आणि मंगळवारी शिक्का निघाला. पण पाहुणे सोमवारी सकाळच्या गाडीनं परत गेले होते. त्या पोरींनी माझा रॅम्प फक्त बघितला. नसरीन त्यावर एकटीच चालवायची.

तर रविवार. मोठीनं विचारलं, "बंद किसने करवाया?"

मी वाटच बघत होतो. गल्ली जमलेलीच होती. देवरावभाऊंकडे बोट दाखवून म्हणालो, "यांनी! विचारा यांना, लाज नाई वाटली काय लेकराचा खेळ बंद करताना?"

देवरावभाऊंनी चष्मा पुसायला घेतला. नसरीन मात्र उठून घरात गेली आणि फडताळावरचा कागद घेऊन आली. अंगणाच्या मधोमध उभी राहून, शाळेत धडा वाचतात तशी मोठ्यानं वाचायला लागली.

"बुधवारी सकाळी बीटगार्ड बोरिंगवर पाणी पीत असता, सदर इसमाने स्वतः मोठ्या आवाजात सांगितले की, सदर उतार चोरीचा साग ट्रकात चढविण्याकरिता असून माल शुक्रवारी येणार आहे. खबर देणार, रशीद मिस्त्री. इसम गावात सर्वांच्या ओळखीचा व विश्वासपात्र."

सगळी गल्ली माझ्याकडे वळली. शुक्रवारी मी कोणाच्या जिभेला किडे पाडले होते, ते सगळ्यांना आठवत होतं. मलाही.

देवरावभाऊंनी कागद नसरीनच्या हातातून घेतला, चष्मा लावून शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि तिला म्हणाले, "बाकी सारं बराबर हाय, बेटा. ते 'विश्वासपात्र' तेवढं खोडाले सांगजो साहेबाले."