दिराचा मेंढा

तिला सगळे सुईणबाई म्हणत, पण माणसाचं मूल तिच्या हातून एकही जन्मलं नव्हतं. मेंढी अडो की गाय, कोपरापर्यंत हात घालून पिल्लू सरळ करायचं आणि अलगद बाहेर काढायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या हंगामात मात्र तिच्याच गोठ्यात विपरीत घडलं. पहिलं कोकरू मेलेलं निघालं. पाय लाकडासारखे ताठ, मान पाठीकडे वळलेली. दुसरं तसंच. तिसरं जिवंत होतं, पण त्याला आईचे सडच सापडेनात.

मेंढ्या फळवायला आणलेला मेंढा धाकट्या दिराचा होता. दूध केंद्रावर, कॅन खाली ठेवायच्या आधीच तिनं तोंड सोडलं. “भाऊजी, तुमच्या मेंढ्याचं रक्तच सडकं आहे. कुणी दारात उभं करू नका त्याला.”

सुईणबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लोकांनी मेंढा नेणं बंद केलं. दिरानं काही दिवस वाट पाहिली आणि बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं ते जनावर खाटकाला देऊन टाकलं.

मग जिथं तो मेंढा कधी गेलाच नव्हता, त्या गोठ्यांतही वाकडी कोकरं जन्मू लागली. एका गाईला तसंच वासरू झालं. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी नमुने तपासायला पाठवले. नवाच विषाणू निघाला.

“चिलटं चावून पसरतो,” त्या म्हणाल्या. “गाभण असताना लागण झाली की घाव बसतो पोटातल्या पिल्लावर. मेंढीकडे बघून काही कळत नाही.”

“आणि मेंढा?” सुईणबाईनं विचारलं.

“मेंढ्याचा काय दोष त्यात?”

धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं. दोनदा दिराच्या दारापर्यंत जाऊन ती मागं फिरली. घरात गुपचूप माफी मागणं सोपं होतं. पण बोलली होती ती चारचौघांत. शेवटी दूध केंद्रावर रांग लागलेली असताना ती म्हणाली, “भाऊजी, मेंढा चांगला होता. माझी जीभच वाईट.”

दिरानं आपला कॅन काट्यावर ठेवला.

“सांगितलंत ते बरं केलंत, वहिनी. पण तो तर गेला.”

पुढच्या हंगामात त्याची मेंढी अडली, तेव्हा त्यानं तिलाच बोलावलं. कोकरू धडधाकट निघालं. जावेनं हात धुवायला कोमट पाणी दिलं, बसायला सांगितलं. सुईणबाईला तिच्याकडे मान वर करून बघवेना. ओल्या हातांनीच ती घरी आली.