शेवंता डाळीची व्युत्पत्ती

डाळ पातळ झाली की आमच्या घरात तिला ‘शेवंता’ का म्हणतात, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न लहान आहे. त्याचे उत्तर द्यायला मला पस्तीस वर्षे लागली, कारण ते मला पहिल्याच दिवसापासून ठाऊक होते.

आधी अर्थाचा प्रवास सांगतो. (जन्मभर शाळेत भाषा शिकवली, सवय जात नाही.) प्रारंभी हा शब्द केवळ तुरीच्या डाळीपुरता होता. मग चहा शेवंता झाला, मग नळाची धार. हल्ली माझा मुलगा फोन कानाला लावून अंगणभर फिरतो आणि ओरडतो, “आवाज शेवंता येऊन राह्यला!” एके सकाळी तर शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या बाई दूधवाल्यावर कडाडल्या, “भैया, दूध आज बहुत शेवंता है!” शब्दाने भाषेची सीमा ओलांडली, याचा मला शिक्षक म्हणून अभिमान वाटला. दीर म्हणून मात्र घाम फुटला. शेवंता हे माझ्या थोरल्या वहिनींचे नाव आहे!

दादांना तिरोडीच्या खाणीत नोकरी लागली, तेव्हापासून वहिनी तिकडेच असतात. यंदा आमच्या नातीच्या बारशाला त्या बऱ्याच वर्षांनी येणार होत्या. बाळाच्या कानात नावही त्यांनीच सांगायचे ठरले होते. मी घरच्यांची रीतसर बैठक घेतली.

“वहिनी असेपर्यंत तो शब्द कोणीही उच्चारायचा नाही.”

“मंग डाळ पातळ झाली तं का म्हनाचं?” बायकोने विचारले.

“पातळ म्हणायचे.”

“अगोबाई, असंबी म्हनता येते का!”

बैठकीला सर्व हजर होते. एक सोडून. सूनबाई पायल बाळंतपणासाठी माहेरी, वारासिवनीला होती; ती बारशाच्या आदल्या रात्री बाळाला घेऊन परतली आणि गडबडीत तिला ही बंदी सांगायची राहून गेली. आणि घरात सगळे ‘वहिनी’ किंवा ‘मोठ्या आई’ म्हणत असल्याने, वहिनींचे पाळण्यातले नाव काय, हे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

बारशाच्या सकाळी वहिनी आल्या, पदर खोचला आणि थेट शेगडीशी बसल्या. थोड्या वेळाने पायलने डाळीच्या पातेल्यात डोकावले.

“मोठ्या आई, ये तो पूरी शेवंता हो गई जी! जरासं बेसन लावू का?”

बायको पायलला डोळ्यांनी खुणावू लागली.

“का झाली म्हनतेस?” वहिनींनी विचारले.

“शेवंता. मतलब पतली. तुमच्या इकडं नाही म्हणत?”

मी दारातच उभा होतो. तिथून निघून जाणे शक्य होते. पण शिक्षकाला खुलासा केल्यावाचून राहवत नाही.

“तो शब्द शेवंतीच्या फुलावरून आला आहे,” मी म्हणालो. “तोच फिकट पिवळा रंग. फार जुना शब्द आहे.”

“किती जुना, बाबा?”

“शेकडो वर्षांचा!”

बायकोला ठसका लागला. पायल मात्र इतकी प्रभावित झाली, की तिने ही माहिती माझ्या नावासह नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिली. (विद्यार्थी ऐकत नाहीत अशी माझी आयुष्यभर तक्रार होती!) दुसऱ्याच मिनिटाला तिरोडीहून पुतण्याचे उत्तर आले. पायलने ते मोठ्याने वाचले, “काका, हे तं आमच्या आईचं नाव हाय न!” आणि वाचता वाचताच तिने ओढणी तोंडात कोंबली.

वहिनींनी पळी खाली ठेवली.

“भाऊजी, लेकरीले खोटं काहून शिकवता? खरं तुमी सांगता, का मी सांगू?”

मी सांगितले.

पस्तीस वर्षांपूर्वी खैरलांजीजवळच्या आमच्या गावी नव्या घराची वास्तू होती. मी नुकताच मास्तर झालेलो. आवतन द्यायचे काम माझ्याकडे होते. चाळीस घरांच्या दारात उभा राहून मी म्हणालो, “चूलबंद आवतन हाय जी!” शब्द भारदस्त वाटला, म्हणून वापरला. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचे, हे लहानपणापासून वसतिगृहात वाढलेल्या मला माहीत नव्हते! मी वहीत घरटी एक याप्रमाणे चाळीस माणसे मांडली, बेरीज दोनदा तपासली आणि बरोबरची खूण केली. पंगतीला अख्खे गाव आले. आज्या आल्या, तान्ही बाळे आली, एका घराने तर स्वतःचे पाहुणेही आणले.

लग्नाला जेमतेम सहा महिने झालेल्या वहिनींनी डाळीत बादल्यांनी पाणी ओतले, मीठ-मिरची वाढवली, चिंच कोळली. एकही माणूस उपाशी गेला नाही. संध्याकाळी वडिलांनी विचारले, “डाळ पातळ काहून झाली बे?” मी उत्तरलो, “वहिनीनं पाणी जास्त टाकलं.” (वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.) वहिनी त्या दिवशी गप्प राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पातळ डाळ शेवंता झाली.

“चुकलो, वहिनी,” मी हात जोडले. “आजपासून हा शब्द या घरात बंद.”

“राहू द्या जी. गावाले पुरली होती थे डाळ!” वहिनी हसल्या आणि पायलकडे वळल्या. “तुले सांगतो पोरी, आमच्या तिरोडीतबी एक शब्द चालते. मोजाले कोनी चुकला, का बाया म्हनतेत, ‘पाहा वं, यशवंत केला यानं!’ माह्याच घरातून निंगाला थो. आता तं गल्लीभर झाला.”

यशवंत हे माझे नाव आहे.

दुपारी पाळण्यावर वाकताना वहिनी पुटपुटल्या, “चांगलं नाव ठेवून राह्यलो बाई. पुढं लोक कशाले लावतीन, थे नाही सांगता येत.”

या दोन्ही व्युत्पत्ती मी तपासल्या आहेत. तरी माझ्या तपासणीचा पूर्वेतिहास पाहता वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. स्वतः तिरोडीला जाऊन वहिनींच्या गल्लीत खात्री करून घ्यावी, ही विनंती. जेवायला किती जण येणार, ते मात्र आधी मोजून कळवावे. मोजणी चुकल्यास ‘यशवंत झाला’ एवढेच सांगावे. डाळ सर्वांना पुरेल. जराशी शेवंता असेल.