शमुवेलमास्तरांचा हातोडा आणि माझं सरबत

शमुवेलमास्तरांची नि माझी पहिली गाठ राहात्याजवळच्या साखर कारखान्यात पडली. मी फिटर म्हणून रुजू झालो तेव्हा ते तुळईला टांगलेला जड हातोडा झोक्यासारखा सोडून पोलादाच्या सळया मोडत होते. "सळई चिवट असली तर ती मोडतानाच हातोड्याचा जोर सरतो. ठिसूळ असली तर तो पलीकडं लई वर जातो," त्यांनी समजावलं. ती उंची ते भिंतीवरच्या खडूच्या रेघांवर मोजत. मला वाटलं, वेड्याच्या हाताखाली नोकरी लागली.

तेव्हा महायुद्ध चालू होतं, त्यामुळे मिळेल ते पोलाद घ्यावं लागे. एका उन्हाळ्यात, उसाच्या चरकाचे जड रूळ उचलायच्या आकड्यांसाठी, म्हणजे हुकांसाठी, नवं पोलाद आलं. मास्तर म्हणाले, "आकडे वापरायचे थंडीत, पहाटपाळीला. गारठ्यात पोलाद ठिसूळ होतं. सळया बर्फात ठेवूनच मोडायच्या." नगरहून पोत्यात, भुशात बांधून आलेली बर्फाची लादी त्यांनी माझ्या स्वाधीन केली.

नेमके त्याच दुपारी मॅनेजरसाहेब घामाघूम होऊन आले. मला आदब सुचली. मी त्यांना बर्फ घालून लिंबाचं सरबत दिलं. त्यांनी दुसरा पेला मागितला. मग सगळ्या खात्यानंच ताव मारला. सळया मी गुपचूप माठाच्या पाण्यात बुडवल्या. हातोडा जेमतेम वर गेला, पोलाद पास झालं.

घरी भाकरी गोड लागेना. हिवाळ्यात आकडा मोडला तर रुळाखाली सापडणार मीच होतो. सकाळी मास्तरांपुढं उभा राहिलो.

"मास्तर, बर्फ सायबांच्या पोटात गेला. सळया माठात हुत्या."

मास्तरांनी बर्फाचं रिकामं पोतं उचलून झटकलं. मग म्हणाले, "आन् मला एक पेला न्हाई?"

साहेबांना मात्र त्यांनी सांगितलं, "बर्फ कमी पडला, चूक माझी." दुसरी लादी आली तेव्हा सळया गार होईपर्यंत ते स्वतः पोत्याजवळ बसून राहिले. सळई काडकन मोडली, हातोडा सगळ्या रेघा ओलांडून गेला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना थांबवून, समजावून मास्तरांनी पोलाद परत पाठवलं.

नंतरचे सगळे हिवाळे मी त्या रुळाखाली धडधाकट काढले. मास्तरांच्या घरी आजही पाहुण्यांना गार सरबत मिळतं, मला कोमट. "तुझ्या वाट्याचा बर्फ सायेब प्याले," ते म्हणतात.

आज मास्तर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांनी पहाटे कानटोपी घालावी आणि ठणठणीत शंभरी गाठावी. त्या शंभरीच्या सत्काराला तरी माझ्या पेल्यात बर्फ पडावा. तोवर मी असेनच, ती सोय त्यांनीच करून ठेवली आहे.