बुधवारचं दाखवायचं नाही

कटरचं पातं बदलताना ती श्वास रोखून धरते. कुठलंही खोकं हातात आलं की आधी त्याचा वास घेते, मग बोटानं दाबून बघते, आत काय आहे ते शेवटी. चहा अर्धा पिते आणि विसरते. मोजायचं झालं की वीत लावते, मग पट्टी लावते, आणि पट्टीचं माप वितीशी जुळलं तर पट्टीला ‘शहाणी आहेस’ म्हणते. दार कधी लोटत नाही; बिजागरीकडे बघत सावकाश बंद करते. फोनवर बोलताना समोरच्या कागदाच्या घड्या घालत बसते, त्यामुळे त्या घरातल्या प्रत्येक बिलाला एकदा तरी होडी व्हावं लागलंय. किती लोकांनी बघितलं, हे विचारत नाही. बुधवारी बेल वाजली तरी उठत नाही.

खोक्यांच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं घड्या पाडायच्या मशीनवर आहे. पुठ्ठ्याचा सपाट तक्ता एका बाजूनं आत जातो, दुसऱ्या बाजूनं रेषा पडून बाहेर येतो. त्या रेषांवर दुमडलं की खोकं. दिवसाला हजारो, सगळी एका मापाची. एखादं वाकडं निघालं की सुपरवायझर धावत येतो. ती वाकडी खोकी ती घरी आणते. घरी त्यांची कुलपं होतात, पंखे होतात, एकदा तर शिंकणारी म्हातारी झाली होती.

साडेतीन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या दिराच्या हाताला यातलं कुलूप लागलं. पुठ्ठ्याची किल्ली फिरवली की आतला पुठ्ठ्याचा अडसर खरोखर सरकायचा. या भाऊजींचा फोटो स्टुडिओ होता. लोक आपले फोटो आपणच काढायला लागले, तसं त्यांनी एक दिवस शटर खाली ओढलं आणि कॅमेरा घेऊन घरी बसले. कुलूप बघून त्यांच्या जिवात जीव आला. चॅनेल निघालं. नाव ‘पुठ्ठेवाली’. दर रविवारी एक व्हिडिओ, त्यात फक्त तिचे हात. कारखान्यात आणि गल्लीत सगळे तिला त्याच नावानं हाक मारू लागले. तिची काही तक्रार नव्हती.

तिची अट एकच होती. कारखान्याची सुट्टी बुधवारी. त्या दिवशी ती जे करायची ते कुणालाही दाखवायचं नाही. जमेल की नाही हे माहीत नसलेलं काहीतरी ती त्या दिवशी करून बघायची. कॅमेरा मात्र चालू असायचा. ती कागदावर आधी काही काढत नसे. हातांनी काय केलं ते तिला नंतर बघूनच कळायचं. भाऊजींच्या कॉम्प्युटरवर त्यासाठी वेगळं फोल्डर होतं. रविवारच्या सगळ्या चांगल्या गोष्टी तिथूनच आल्या होत्या, कधी सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी.

चॅनेलच्या तिसऱ्या वर्षी बुधवारी ती एक माणूस करत होती. वीतभर उंचीचा, पुठ्ठ्याचा, जिना चढणारा. मूठ फिरवली की दातेरी चक्र फिरायचं आणि तो एकेक पायरी चढायचा. एवढं तर तिला तासाभरात जमलं. पण तिला चढणारा माणूस नको होता. चौथ्या पायरीवर थांबून दम घेणारा आणि मग पुढे निघणारा माणूस हवा होता, आणि मूठ सारखी फिरत असताना त्यानं आपलं आपण थांबायला हवं होतं. थांबावा म्हणून तिनं चक्राचे दाते काढले, तर तो घसरून खाली आला. पुन्हा केला. पुन्हा घसरला. एका बुधवारी सतरा वेळा. सतराव्या वेळी तिनं त्याला उचलून समोर धरलं आणि म्हणाली, “अरे, दमलास ना? मग थांब की. कुणाच्या बापाचं काय जातंय?”

पुढच्या आठवड्यात कारखान्यात दुप्पट पाळ्या लागल्या. रविवारचं काहीच तयार नव्हतं. तीन वर्षांत एकदाही खाडा पडला नव्हता, आणि भाऊजींना खाड्याची धास्ती. त्यांनी बुधवारचं फोल्डर उघडलं, सतरा घसरगुंड्या कापून सात मिनिटांच्या केल्या आणि रविवारी चॅनेलवर टाकल्या. विचारायला फोन केला होता, पण ती मशीनवर होती. एवढं काय त्यात, असं त्यांना वाटलं.

सोमवारी सकाळी भाऊजी धापा टाकत आले. तीन वर्षांत मिळून जेवढे लोक आले नव्हते, तेवढे एका रात्रीत आले होते. ते आकडे वाचून दाखवू लागले. तिचा नवरा पाणीखात्यात मीटर वाचतो. त्यानं बूट घालता घालता सांगितलं की दिवसभर मी आकडेच वाचतो, घरात तरी दुसरं काहीतरी बोला.

ती आधी रागावली. मग तिलाही गुदगुल्या झाल्याच. मशीनवर शेजारची बाई तक्ता सरकवताना म्हणाली, “दमलास ना? मग थांब की.” सगळी ओळ हसली. सुपरवायझरही म्हणाला, फक्त त्यानं तोंड फिरवून म्हटलं. लोकांनी हजारोंनी सल्ले पाठवले: रबर लावा, स्प्रिंग लावा, छोटी मोटर बसवा. एकानं तर आपल्या दमेकरी वडिलांबद्दल पानभर लिहिलं होतं. ते तिनं दोनदा वाचलं.

मग खेळणी करणाऱ्या एका कंपनीतून फोन आला. बोलणारी बाई गोड होती. दर बुधवारी असाच एक व्हिडिओ द्या, म्हणाली. काही वेगळं करू नका, फक्त असंच चुकत राहा. भाऊजींनी वहिनीच्या वतीनं ‘हो’ म्हणून टाकलं नाही, पण ‘नाही’सुद्धा म्हटलं नाही.

पुढचा बुधवार आला. तिनं दार लावलं, कॅमेरा चालू केला, नवं चक्र कापलं. माणूस तीन पायऱ्या चढला आणि घसरला. तिनं त्याला उचललं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. तोंडात आलेली शिवी चांगली बसतेय का, हे तिनं आधी तपासलं होतं. लोक हसतील का, ते बघितलं होतं. एवढंच नव्हे, माणूस घसरला तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

तिनं कॅमेरा बंद केला. चपला घालून ती दोन गल्ल्या पलीकडे भाऊजींकडे गेली. बुधवारी तिला दारात बघून भाऊजींना वाटलं, दादाला काही झालं. तिनं सांगितलं, तो व्हिडिओ काढून टाका.

भाऊजी हसले. मग तिचं तोंड बघून हसायचे थांबले. लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलंय वहिनी, ते समजावू लागले, असं नशीब एकदाच येतं.

“मग मला खाली उतरवा,” ती म्हणाली. “तिथून मला हातातलं दिसत नाही.”

“एवढे सगळे लोक मूर्ख आहेत का?”

“फार चांगले आहेत भाऊजी. तीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर हाकलले असते. चांगली माणसं आत येऊन बसली की ऊठ कसं म्हणायचं?”

रविवारी बोलवा की त्यांना, ती पुढे म्हणाली, रविवारी मी घर आवरून ठेवते. भाऊजी बराच वेळ माउसशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले की आयुष्यभर लोकांचे पासपोर्टचे फोटो काढले. कुणी ते घेऊन परत दाखवायला आलं नाही. हे पहिल्यांदाच असं काही झालं होतं.

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत एकही रविवार तुमच्याशिवाय झालेला नाही, म्हणाली. मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली आणि कुठलं बटण ते विचारलं. भाऊजी सांगेनात. तिनं चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचत स्वतःच शोधून काढलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायचं का.

“हे बघा, यानं तरी विचारलं,” ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

पुढचे काही दिवस काही धड गेले नाहीत. माज आलाय, असं लोकांनी लिहिलं. नाटक आहे, पुन्हा टाकेल, असंही लिहिलं. कंपनीच्या बाईचा फोन तिनं स्वतः घेतला. चुकायचं ठरवून बसलं की चूक होत नाही, एवढंच सांगितलं. बोलताना विजेच्या बिलाची होडी झाली. रविवारच्या व्हिडिओचे लोक निम्म्यावर आले. भाऊजी दोन आठवडे फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी कॅमेऱ्याची तिवई खांद्यावर टाकून दारात उभे राहिले आणि म्हणाले की बुधवारचं फोल्डर त्यांनी पुसलंय, आता आजचं काय ते बोला.

बुधवारी ती आता कॅमेरा लावत नाही. याची किंमत तीच भरते. गेल्या वेळी हातांनी काय केलं होतं ते बघायला काही नाही, त्यामुळे दर बुधवारी तिला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. कॅमेरा का नाही, हे आधी दोन-तीन वेळा विचारल्यावर नवऱ्यानंही विचारणं सोडलं. कॅमेरा निदान एकदा लावून बघा, असं शेजारी या नात्यानं मी एकदा म्हणून पाहिलं. तिनं मला चहा दिला आणि बाहेर काढलं.

मूठ फिरवली की माणूस आता चौथ्या पायरीवर थांबतो. आतला छोटा अडसर त्याला धरून ठेवतो. खांदे दोनदा वर-खाली होतात. पण अडसर सुटत नाही, आणि माणूस पाचव्या पायरीकडे निघत नाही. तीस-बत्तीस बुधवार झाले. अडसर सोडवायचा दाता कापून टेबलावर ठेवलेला आहे. तो कुठे चिकटवायचा, ते अजून ठरलेलं नाही.