गुडघ्यातला तुकडा

नवरा प्यायला लागलाय, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. फक्त वास तेवढा सापडत नव्हता.

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते लालबागला घरी आले, त्याला सात वर्षं झाली होती. नोकरीत असताना एका चकमकीत गोळी खडकावर आपटून फुटली आणि तिचे तुकडे त्यांच्या डाव्या मांडीत, गुडघ्यात घुसले. तिथल्या सर्जनने हाताला लागले तेवढे काढले. बाकीचे उकरायला गेलं तर पायच जाईल, राहू देत, म्हणाले. पुढे थोडं लंगडणं सोडलं तर आम्ही ते विसरूनही गेलो. परळच्या एका मॉलमध्ये ते सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागले.

मग त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. लेकीवर कधी आवाज न चढवणारा माणूस पंख्याच्या बटणावरून तिच्यावर खेकसला. पोटात मुरडा येतो म्हणून ताट सारायचे. गॅस चालू ठेवून निघून जायचे. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील प्यायला लागले, तेव्हा त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती. त्यामुळे मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

मी त्यांची पाण्याची बाटली हुंगायचे. शर्ट धुवायला टाकताना कॉलर नाकाला लावायचे. स्कूटरची डिकी दोनदा उपसली. एका संध्याकाळी ते दारात बूट काढत होते, आणि मी म्हटलं, "तोंड उघडा बघू."

त्यांना लगेच कळलं. पाठ ताठ करून उभे राहिले आणि तोंड उघडलं. बडीशेपेचा वास आला. मला बडीशेपेचाच संशय आला.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ते डबा विसरून गेले. मी क्लार्क आहे त्या शाळेतून अर्धी रजा काढून मी तो मॉलवर घेऊन गेले. गेटवरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनी, साहेबांना तर महिना झाला इथून जाऊन. किल्ल्या विसरायचे, हात थरथरायचे. वरच्यांना वाटलं, ड्यूटीवर पिऊन येतात."

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळेला आले. "आज ड्यूटी जड होती," म्हणाले. मी भात वाढला. मॉलचं काढलं असतं तर ते सावध झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागे निघाले. स्कूटर घरीच ठेवून ते चालत भायखळ्यापर्यंत गेले. वाटेत दोन बार लागले. ते थांबले नाहीत. एका बागेत शिरून बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी पोट दाबून पुढे वाकले. तासभर मी झाडाआड उभी होते. कुणी भेटायला आलं नाही, काही प्यायलं गेलं नाही. एकदा त्यांनी उजवा हात समोर धरला आणि तो थरथरताना नुसते बघत राहिले.

मी जाऊन शेजारी बसले. ते दचकलेही नाहीत.

"डोक्यातच काहीतरी झालंय माझ्या," ते म्हणाले. "तू तोंड उघडायला लावलंस ना, तेव्हा 'हो, पितो' म्हणावंसं वाटलं होतं. निदान कारण तरी मिळालं असतं."

तिथून आम्ही सरळ सरकारी इस्पितळात गेलो. तिथली तरुण डॉक्टरीणबाई सगळं ऐकून घेत होती. तिने गुडघ्यावरचा जुना व्रण पाहिला आणि विचारलं, "आत काही राहिलंय का?" एक्स-रेत मांडीत तीन-चार पांढरे ठिपके होते आणि एक मोठा तुकडा नेमका सांध्यात. तिने रक्तातलं शिसं तपासायला पाठवलं. ते भलतंच वाढलेलं निघालं.

"मांसात रुतलेला गोळीतल्या शिशाचा तुकडा सहसा गप्प पडून राहतो," ती म्हणाली. "सांध्यातल्या पाण्यात तो वर्षानुवर्षं झिजत, विरघळत राहतो. पोट, हात, विसरणं, चिडचिड, सगळं त्यातून होऊ शकतं."

मी मेलीने तिच्यावरही संशय घेतला. दुसरीकडे जाऊन पुन्हा रक्त तपासून घेतलं. तेच आलं.

आधी शिसं उतरवायची औषधं, मग ऑपरेशन करून सांध्यातला तुकडा काढला; पाय शाबूत राहिला. पोटातला मुरडा गेला. हात बराच स्थिरावला, तरी सुईत दोरा ओवता येत नाही. नावं अजून विसरतात. मांडीतले तुकडे आतच आहेत, म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासतो. मॉलमध्ये त्यांनी रिपोर्ट नेऊन दाखवला. तिथल्या साहेबाने दिलगिरी व्यक्त केली आणि जागा भरलीय म्हणून सांगितलं. सकाळी आता ते भोईवाड्यातल्या पोरांकडून पोलीस भरतीची तयारी करून घेतात.

माफी मागायला मी दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा ते म्हणाले, भाजी खाली लागतेय. दुसऱ्यांदा त्यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला आणि लेकीला यायला उशीर का झाला म्हणून विचारलं.