झोपून चाललेली दहा हजार पावलं

बायांनो, आज दुपारी जे पाहिलं त्याची किळस अजून जात नाही.

माझा नातू महेश, तिशीतच साखर झालीय. डॉक्टर म्हणाले, रोज चाल, चालणं बघून गोळ्या ठरवू. तर ह्यानं पंधरा दिवस खपून लॅपटॉपवर प्रोग्राम बनवला. काळ्या पडद्यावर पावलांचा आकडा लिहायचा, दहा हजार झाले की हिरव्या अक्षरात ‘लक्ष्य पूर्ण’ येतं.

आज बघते तर हा खाटेवर लोळत आकडे टाकतोय.

"कधी चाललास रे?"

"आजी, उद्या डॉक्टरांना दाखवायचंय. महिन्याभराचं भरून टाकतो."

साठ सालच्या आसपास तलासरीकडे आमच्या पाड्यावर हिवताप खात्याचा माणूस यायचा. घरोघर जाऊन कुणाला ताप आहे का विचारायचं, असेल तर गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर तारीख लिहायची, हे त्याचं काम. त्या पावसाळ्यात चढण नको म्हणून तो एकदाच आला आणि पुढच्या तीन फेऱ्यांच्या तारखा लिहून गेला. त्याच दिवसांत माझी थोरली बहीण तापानं गेली. भिंतीवर मात्र तो वेळेवर येऊन गेला होता.

महेशला हे सांगितलं तर म्हणतो, "तो लोकांना फसवत होता. मी कुणाला फसवतोय?"

म्हटलं, "चुकीच्या गोळ्या कुणाच्या पोटात जाणार, माझ्या?"

तरी बोटं थांबली नाहीत. एवढा शिकलेला माणूस. थू.

उद्या मी डॉक्टरकडे सोबत जातेय. हा हिरवी अक्षरं दाखवेल, मी तोंड उघडीन. तुमच्या घरात कोण कोण असं झोपून चालतं, खरं लिहा.