सील समोर तोडायचं

विश्वास ठेवणं मला जमत नाही, आणि त्याचं खापर मी खुशाल बाबांवर फोडते. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं शेत. तिथून ते रोज स्कूटरला दुधाचे कॅन लटकवून शहरात यायचे आणि सुट्टीच्या दिवशी मी पुढं उभी असायचे. पेट्रोलपंपावर त्यांचा हुकूम ठरलेला असायचा, "झीरो बघ." मी डोळे फाडून मीटरकडं बघायचे.

मग पाळी टूटी ऑईलची. जुन्या स्कूटरला पेट्रोलातच तेल मिसळावं लागायचं. पंपावरचं तेल बाबा घ्यायचे नाहीत. "त्यात काय कालवत्यात कुणाला ठावं?" म्हणून सीलबंद डबा घरूनच आणायचे. सील मला दाखवून तोडायचे, तेल ओतायचे, टाकीचं झाकण लावायचे आणि हँडल धरून स्कूटर डावीकडं-उजवीकडं गदागदा हलवायचे. हलवल्याशिवाय तेल एकजीव होत नाही, हे तेव्हा समस्त स्कूटरवाल्यांचं मत होतं. डबा रिकामा झाला की त्याला खिळ्यानं भोक पाडून मगच भंगारात द्यायचा, नाहीतर कुणीतरी त्यातच खोटं तेल भरून परत आपल्यालाच विकणार. अशा माणसाच्या हाताखाली वाढलेली मुलगी भोळी कशी निघेल?

स्कूटर गेली, दुधाचा धंदा बंद झाला, पुढं आईही गेली. बाबा शेतावर एकटे राहतात. बांधावरच्या बाभळी आणि मोसंबीची वाळलेली खोडं कापायला त्यांच्याकडं चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारं करवतीचं मशीन आहे. त्यालाही पेट्रोलात टूटी ऑईल लागतं आणि तो डबा शहरातून आणून देण्याचं काम माझ्याकडं आहे. दिवाळीत मी एक डबा नेऊन दिला होता.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी ते मशीन जाम झालं. माझा धाकटा भाऊ पुंडलिकनगरला राहतो, चितेगावला कंपनीत आहे. त्यानं मशीन शहरात आणलं. मेकॅनिकनं पिस्टन काढून आमच्यापुढं धरला. त्यावर उभे ओरखडे होते.

"याला तेल भेटलं नाय," तो म्हणाला. "तेल बोगस असंल, नायतर टाकलंच नसंल. दोन्हीत मशीन असंच मरतंय."

दुकानाबाहेर आल्याबरोबर भाऊ म्हणाला, "ताई, बाबा विसरले. मागं गॅसवर दूध ठेवून गोठ्यात जाऊन बसले होते, आठवतंय ना? उद्या त्या मशीननं हात तोडून घेतील. मी त्यांना माझ्याकडं आणतो."

बाबांना शेतावरून हलवायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आईच्या दिवसकार्यानंतर दोनच रात्री ते भावाच्या फ्लॅटमध्ये राहिले होते. गॅलरीत उभे राहून खालच्या गाड्या बघत बसले, जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता बस धरून निघून गेले. म्हणून मी भावाला ठणकावून सांगितलं, "बाबा तेल विसरणार नाहीत. स्वतःचं नाव विसरतील, पण तेल नाही. तेलच बोगस होतं."

मनात त्याहून वाईट आलं होतं. आमच्या शेताच्या बाजूनं रस्ता रुंद झालाय आणि जमिनीला गिऱ्हाईक विचारत येतंय. भावाला बाबांची काळजी आत्ताच कशी सुचली? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. सख्ख्या भावाबद्दल वाटलं, आणि वाटताना जराही जड गेलं नाही.

मी बाबांना फोन करून दिवाळीचा रिकामा डबा मागितला. दुकानदाराच्या तोंडावर मारायचा होता.

"भोक पाडून भंगारात दिला की," बाबा म्हणाले. आवाज खणखणीत होता. माझा जीव भांड्यात पडला. भोक पाडायचं ज्याच्या ध्यानात आहे तो माणूस विसराळू कसा?

मग मी मोंढ्याकडचं दुसरं दुकान गाठलं. दुकानदारानं माझ्यामागं कुणी पुरुष येतोय का ते पाहिलं.

"कौनसे मशीन के लिए, बाजी? भाईसाब से पूछ के आते तो अच्छा होता."

"चेनसॉ. भाईसाबला काही कळत नाही. दाखवा."

त्यानं एक स्वस्तातला डबा पुढं केला. तो स्कूटरचा होता. स्कूटरचं चालतं की, म्हणाला. मी म्हटलं, चेनसॉ स्कूटरपेक्षा कितीतरी जोरात फिरतं, तापतं, त्याला कमी धुराचं, कमी काजळीचं तेल लागतं. डब्यावर एफडी, ही त्या प्रतीची खूण, लिहिलेलं दाखवा. त्यानं दाखवलं. मी डबा उजेडात धरला. छपाई पुसट आहे का बघितली, झाकणाखालचं कडं नखानं चाचपलं, डबा उलटा करून झाकणातून तेल पाझरतं का बघितलं, वासही घेतला. बंद डब्याचा वास काय येणार? पण घेतला. तेवढ्यात दुकानातला पोऱ्या एका गिऱ्हाइकाला सुटं तेल बाटलीत भरून देताना दिसला आणि हा डबाही मागच्या खोलीत भरलेला असेल अशी शंका आली. तो ठेवून मी न फोडलेल्या खोक्यातला दुसरा डबा काढायला लावला.

"बाजी, तुम पोलीस में हो क्या?" त्यानं विचारलं.

नवा पिस्टन टाकलेलं मशीन आणि हा डबा भावानंच शेतावर पोचवला. त्यानं वाटेत डबा बदलला तर? ही शंकासुद्धा मी चांगली आठवडाभर जोपासली. शेवटी रविवारी मी एकटीच शेतावर गेले. जाताना भावाला सांगितलं, "आज तुला कळेल, तेल कसं निघालं ते."

बाबा लिंबाखाली मशीन घेऊन बसले होते. मला बघून खुलले. "बरं झालं आलीस. बांधावरची बाभूळ आडवी करायची हाय." त्यांनी कॅनमधून मशीनच्या टाकीत पेट्रोल ओतलं. पांढऱ्या नरसाळ्यातून ते खाली जाताना मी बघत होते, कारण मला बघायची सवय आहे. टूटी ऑईलनं पेट्रोलाचा रंग बदलतो. हे नुसतं पेट्रोल होतं.

बाबांनी झाकण घट्ट लावलं. मशीन दोन्ही हातांनी उचलून डावीकडं-उजवीकडं गदागदा हलवलं आणि समाधानानं खाली ठेवलं.

"झालं एकजीव," ते म्हणाले, आणि त्यांनी दोरीला हात घातला.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, तेल?"

"टाकलं की."

"कुठलं टाकलं? डबा दाखवा."

ते उठून खोलीत गेले आणि दोन डबे घेऊन आले. एक आठवड्यापूर्वीचा. दुसरा धुळीनं माखलेला, दिवाळीतला. दोन्ही त्यांनी माझ्या हातात दिले आणि झाकणांवर बोट ठेवलं.

"बघ, तू आणलेले. सील शाबूत हाय. कुणाला हात लावू दिला नाय."

त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. लहानपणी मी झीरो बघितला की माझ्या चेहऱ्यावर असायची तशीच. मला रडू फुटलं असतं, पण ते त्यांना कळलं नसतं. दुकानदार, भंगारवाला, सख्खा भाऊ, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. या एका माणसावर घेण्याची माझी हिंमत झाली नव्हती.

मी नवा डबा त्यांच्यासमोर धरला आणि सील तोडलं. "शाब्बास," बाबा म्हणाले. मी मापानं तेल कॅनमध्ये ओतलं, मशीनमधलं पेट्रोलही त्यात परत घेतलं. कॅन मात्र त्यांनाच हलवू दिला.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "काय ताई, तेल कसं निघालं?"

बाबा कॅन हलवत होते. त्यांच्याकडं बघत मी म्हणाले, "चांगलं होतं रे. दोन्ही वेळचं तेल चांगलं होतं."

मग तो म्हणाला, "निघतोय मी. तोवर त्यांच्याजवळ थांब."